गोव्यातील जुन्या वास्तूत मुक्काम कसा करावा

पणजीच्या कदंब बसस्थानकावर उतरून पाटोच्या पुलावरून ओरेंची खाडी ओलांडली, की दहा-बारा मिनिटांच्या चालीत माणूस फोंताइन्हास या जुन्या वस्तीत पोहोचतो. पिवळ्या, निळ्या आणि गेरूच्या रंगाच्या भिंती, जमिनीपर्यंत उतरलेल्या खिडक्या, त्यांपुढचे बिडाचे कठडे हे सारे छायाचित्रांतून इतके परिचयाचे झाले आहे, की मुक्कामाची जागा ठरवताना बहुतेक जण घराचा दर्शनी भाग पाहतात आणि पैसे भरून मोकळे होतात. रात्री झोप का लागली नाही, न्हाणीघरात जायला तीन पायऱ्या का चढाव्या लागल्या आणि सकाळचा चहा साडेआठपूर्वी का मिळाला नाही, या तक्रारी मागाहून सुरू होतात. नव्या हॉटेलात एका मजल्यावरच्या वीस खोल्या सारख्याच असतात, त्यामुळे एकदा हॉटेल निवडले की काम संपते. जुन्या घरात दोन खोल्या कधीच एकसारख्या नसतात. म्हणून तेथे घराच्या निवडीपेक्षा खोलीची निवड महत्त्वाची असते, आणि खोलीच्याही आधी ऋतूचा विचार करावा लागतो.

वास्तू कोणत्या प्रकारची आहे

जुन्या वास्तूत राहण्याची सोय गोव्यात मुख्यतः तीन प्रकारची आहे, आणि तिन्हींच्या चालीरीती वेगळ्या आहेत.

पहिला प्रकार शहरातील घरांचा. जुन्या गोव्यातील रोगराईला कंटाळून व्हाइसरॉयने १७५९ मध्ये आपला मुक्काम पणजीच्या आदिलशाही वाड्यात हलवला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृतपणे राजधानी झाली. राजधानीमागोमाग सरकारी नोकर, वकील आणि व्यापारी आले. मोझांबिकहून परतलेल्या आणि म्हणून मोसमीकार या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका गोमंतकीयाच्या माडांच्या बागेत, फोंत फिनिक्स या झऱ्याच्या आसपास, फोंताइन्हासची वस्ती उभी राहिली. ही घरे एकमेकांना चिकटून, थेट गल्लीच्या कडेला बांधलेली आहेत. खाली दुकान किंवा कोठार आणि माडीवर कुटुंब अशी त्यांची जुनी रचना होती. यांपैकी काही घरांची आता अतिथिगृहे झाली आहेत. ३१ जानेवारी रस्त्यावरील ‘पंजिम इन’ आणि तिच्या जवळची ‘पंजिम पौझादा’ ही त्यांतील जुनी नावे. पहिले शहरी ख्रिस्ती धाटणीचे घर आहे, तर दुसरे आतल्या चौकाभोवती बांधलेले हिंदू घर आहे. गोव्यातील या दोन गृहपरंपरांमधला फरक पाहायचा असेल, तर एवढ्या थोड्या अंतरात तो इतका स्पष्ट अन्यत्र क्वचितच दिसतो. ‘पौझादा’ या पोर्तुगीज शब्दाचा अर्थच वाटेवरचा विसावा असा आहे.

दुसरा प्रकार गावांतील घरांचा. बार्देश, सासष्टी आणि तिसवाडीतील दिवाडी यांसारख्या जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी आधी जिंकलेल्या तालुक्यांतल्या, गावांत मोठी, बैठी, कौलारू घरे आहेत. पुढे बाल्कांव, म्हणजे पायऱ्या चढून जाण्याचा छप्पर असलेला ओटा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दगडी बैठका असतात, ज्यांना सोपो म्हणतात. येथे मालक बहुधा घराच्याच एका भागात राहतो आणि उरलेल्या चार-सहा खोल्या पाहुण्यांना देतो. शहरातील घरापेक्षा येथे शांतता अधिक मिळते, पण रात्री आठनंतर गावची बस मिळत नाही, हे पक्के ध्यानात ठेवावे.

तिसऱ्या प्रकाराला पर्यटनाच्या जाहिरातीत जागा नसते, परंतु मराठी वाचकाला तोच कदाचित सर्वांत जवळचा असेल. तो म्हणजे देवस्थानांच्या अग्रशाळा, अर्थात भक्तांच्या मुक्कामासाठी देवळालगत बांधलेल्या खोल्या. त्यांचे नियम इतके वेगळे आहेत, की त्यांच्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

कोणत्या महिन्यात जावे

नाताळापासून नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ जुन्या घरासाठी सर्वांत वाईट. भाडे चढलेले असते, गल्ल्यांतून रात्री उशिरापर्यंत वर्दळ असते आणि यजमानाला आपल्याशी दोन शब्द बोलायलाही सवड नसते. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात पणजीत आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. २००४ पासून तो गोव्यातच होत असल्याने त्या दिवसांत फोंताइन्हासमधील खोल्या फार आधीपासून भरलेल्या असतात. जुन्या गोव्यात ३ डिसेंबरला सेंट झेवियरचे आणि पणजीत ८ डिसेंबरला इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चचे फेस्त असते. या दिवसांत गर्दी असते, पण ती गोवेकरांची असते आणि ती पाहण्यासारखी असते.

गणेशचतुर्थीचा विचार महाराष्ट्रातून येणाऱ्याने विशेष करावा. गोव्यात चवथ हा मूळ घरी जाण्याचा सण आहे. हिंदू मालकाचे अतिथिगृह असेल तर त्या दिवसांत कामगार गावी गेलेले असतात, मालक माटोळी, म्हणजे गणपतीवरचे फळापानांचे छत, बांधण्यात गुंतलेला असतो आणि कधी कधी अतिथिगृहच बंद ठेवले जाते. आमंत्रण असेल तर अवश्य जावे. आमंत्रण नसताना खोली घेऊन राहणाऱ्याला मात्र बाजार बंद आणि स्वयंपाकघर थंड, असा अनुभव येऊ शकतो.

माझ्या मते जुन्या घरात राहण्याचा उत्तम काळ ऑगस्टमध्ये, पण चवथीच्या आधी. पश्चिम किनाऱ्यावरील यांत्रिक मासेमारीची बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते, ती संपलेली असते. नारळी पौर्णिमेच्या सुमारास बाजारात ताजी मासळी येऊ लागते, पाऊस जून-जुलैच्या मानाने ओसरलेला असतो आणि भाडेही आवाक्यात असते. शिवाय कौलारू छपराखाली बसून पाऊस ऐकणे हे या घरांचे खरे वैभव आहे. ते जानेवारीत मिळत नाही.

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्यामुळे पावसाळ्यात जाणाऱ्याने ओल गृहीत धरूनच जावे. पावसाळा संपला की घरे रंगवण्याची पद्धत गोव्यात जुनी आहे. पोर्तुगीज काळी तसा दंडक होता आणि शुभ्र पांढरा रंग चर्चसाठी राखलेला होता, असे सांगितले जाते. दंडक गेला तरी सवय राहिली आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये खोली घेताना रंगकाम चालू आहे का, हे विचारावे, अन्यथा बांबूच्या परांचीआडून खाडी पाहावी लागते आणि रात्री रंगाचा वास सोसावा लागतो.

खोली निवडताना

यासाठी यजमानाला फोन करावा. आरक्षणाच्या संकेतस्थळावर ‘डीलक्स’ किंवा ‘हेरिटेज’ असे जे वर्ग दिलेले असतात, त्यांवरून काहीही कळत नाही. फोनवर पाच मिनिटे बोलले तर सर्व कळते, आणि प्रश्नांची उत्तरे यजमान किती मोकळेपणाने देतो यावरून घराचाही अंदाज येतो.

पहिला प्रश्न खोली माडीवर आहे की तळमजल्यावर, हा असावा. माडीवरच्या खोलीत वारा आणि उजेड भरपूर असतो, परंतु जमीन फळ्यांची असल्याने प्रत्येक पाऊल खाली ऐकू जाते आणि शेजारच्या खोलीतील माणूस रात्री पाणी प्यायला उठला तरी आपल्याला कळते. जिने बहुधा लाकडी, अरुंद आणि चढे असतात. गुडघेदुखी असलेल्या आईवडिलांना घेऊन जाणाऱ्याने तळमजलाच मागावा. तळमजल्यावर गारवा असतो, मात्र पावसाळ्यात ओलही तेथेच अधिक असते, आणि शहरातील घरात तेथील खिडकी थेट गल्लीत उघडत असल्याने ती रात्री उघडी ठेवता येत नाही.

दुसरा प्रश्न दिशेचा. गल्लीकडची खोली छायाचित्रात सुंदर दिसते, परंतु पहाटे पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा भोंगा, त्यानंतर मासेवाली आणि सकाळी नऊपासून छायाचित्रे काढायला आलेले लोक असा क्रम तेथे ठरलेला असतो. आतल्या चौकाकडची खोली अंधारी पण शांत असते. हिंदू घरात या चौकाला राजांगण म्हणतात, मध्ये तुळशीवृंदावन असते आणि चारही बाजूंच्या पडव्यांतून खोल्यांची दारे उघडतात. एकच रात्र राहायचे असेल तर गल्लीकडची खोली घ्यावी. तीन रात्री राहायचे असेल तर आतलीच बरी.

तिसरा प्रश्न आतल्या दारांचा. जुन्या घरांत एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाण्याची पद्धत होती, आणि अतिथिगृह करताना ही मधली दारे केवळ कडी लावून बंद केलेली असतात. पलीकडे कुटुंब उतरले असेल तर त्यांचे संभाषण स्पष्ट ऐकू येते. मधले दार आहे का आणि असल्यास त्यापुढे कपाट आहे का, हा प्रश्न विचित्र वाटला तरी विचारावा.

चौथा प्रश्न न्हाणीघराचा. ही घरे बांधली गेली तेव्हा न्हाणी घराच्या मागे असे. तेथे चुलीवर मोठे तांब्याचे भाण चढवलेले असे आणि त्यातील ऊन पाण्याने आंघोळ होत असे. आजची न्हाणीघरे नंतर जोडलेली आहेत, म्हणून ती कधी खोलीच्या कोपऱ्यात पार्टिशन घालून केलेली असतात, कधी नळ नेण्यासाठी जमीन फूटभर उंच उचललेली असते, तर कधी पडवीतून चार पावले चालून जावे लागते. पायरी किती उंच आहे आणि रात्री तेथे दिवा असतो का, एवढे विचारून ठेवावे.

वातानुकूलन यंत्राविषयी मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. या घरांच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या, जाड आणि चुन्याने लिंपलेल्या असतात. त्या उशिरा तापतात आणि उशिरा निवतात. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांतही भर दुपारी आत गारवा वाटतो, आणि उलट रात्री दहानंतर बाहेर वारा सुटलेला असताना भिंती दिवसभर साठवलेली ऊब सोडू लागतात. जुने लोक दुपारी खिडक्या मिटून घेत आणि संध्याकाळी सर्व उघडत, ते याच कारणाने. पाहुणे नेमके उलट करतात आणि मग खोली तापते अशी तक्रार करतात. मे महिना सोडला तर पंखा आणि मच्छरदाणी असलेली, समोरासमोर दोन खिडक्यांची खोली मी यंत्र असलेल्या एका खिडकीच्या खोलीपेक्षा केव्हाही पसंत करीन. मात्र माडीवर कौलांखाली फळ्यांचे छत नसेल, तर मेमध्ये ती खोली घेऊ नये. एकदा हा हट्ट करून मी सासष्टीतील एका घरी दोन रात्री अंगणातल्या आरामखुर्चीत काढल्या आहेत.

आरक्षण आणि प्रवास

खोली ठरली की जेवणाची, वाहन लावण्याची आणि येण्याच्या वेळेची बोलणी त्याच फोनवर उरकून घ्यावीत आणि ठरलेल्या गोष्टी संदेशातून लिहून पाठवाव्यात. गोव्यात पाहुणे ठेवणाऱ्या प्रत्येक जागेला १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंद करावी लागते. नोंदणी आहे का, हे विचारण्यात काहीच वावगे नाही, आणि चांगला यजमान या प्रश्नाचा राग मानत नाही. ओळखपत्र मूळ स्वरूपात जवळ ठेवावे.

येण्याच्या वेळेविषयी कसूर करू नये. मी एकदा आरक्षणाच्या अॅपवर ‘रात्री उशिरा’ असे नोंदवले आणि तेवढ्यावर निर्धास्त राहिलो. गाडी पावसामुळे चार तास उशिरा आली, गावात पोहोचलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते, घराच्या दाराला आतून आडणा होता आणि घंटा म्हणून जी साखळी होती तिचा आवाज कुत्र्याखेरीज कोणाला ऐकू गेला नाही. बाल्कांवातील सोपोवर बसून उजाडण्याची वाट पाहिली. यजमानबाईंनी सकाळी दार उघडल्यावर मला पाहून कपाळाला हात लावला. अॅपवरची नोंद त्यांनी पाहिलीच नव्हती, आणि ती पाहण्याची त्यांना सवयही नव्हती. छोट्या घरात रात्रभर जागणारा कारकून नसतो. गाडी लेट झाली की स्टेशनावरूनच फोन करावा.

कोकण रेल्वेने येणाऱ्याने पणजीसाठी करमळी, बार्देशसाठी थिवी आणि सासष्टीसाठी मडगाव ही स्थानके धरावीत. पावसाळ्यात या मार्गाचे वेळापत्रक वेगळे असते आणि गाड्या मुद्दाम हळू चालवल्या जातात, हे तिकीट काढतानाच पाहावे. विमानाने येणाऱ्याने दाबोळीचा विमानतळ की २०२३ पासून सुरू झालेला मोपाचा, हे नीट पाहावे, कारण एक दक्षिणेकडे आणि दुसरा पेडण्यात आहे. दिवाडीसारख्या बेटावर उतरायचे असेल तर फेरीबोटीने जावे लागते. शेवटची फेरी किती वाजता सुटते, हे त्या दिवशी यजमानालाच विचारावे.

सामान कमी असावे. फोंताइन्हासच्या गल्ल्यांत मोटार दारापर्यंत जाईलच असे नाही, आणि गेली तरी ती तेथे उभी करायला जागा मिळत नाही. खाडीच्या काठी गाडी लावून बॅग उचलून चालत यावे लागते. एकटाच प्रवासी असेल आणि पाठीवर एकच पिशवी असेल तर ‘पायलट’ हा उत्तम उपाय आहे. पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवरून भाड्याने प्रवासी नेणाऱ्याला गोव्यात पायलट म्हणतात. भाडे आधी ठरवून बसावे. पावसाळी मुक्कामात विजेरी, डासांचे मलम, एक सुती चादर आणि लवकर वाळणारे कपडे जवळ असावेत, कारण ओले कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत आणि वीज जाते तेव्हा जुना जिना अंधारात उतरणे धोक्याचे असते.

घरात वावरताना

चाकांची बॅग लाकडी फळ्यांवरून ओढू नये, उचलून न्यावी. ओली बॅग किंवा ओली छत्री भिंतीला टेकवून ठेवू नये. जांभा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात तो पाणी धरतो, आणि चुन्याचा गिलावा ते हळूहळू बाहेर टाकतो. भिंतीला टेकलेल्या कपड्यांना एका रात्रीत बुरशीचा वास लागतो. पावसाच्या सुरुवातीला जमिनीवर पाण्याचे थेंब दिसले तर छत गळते आहे असे समजून धावपळ करू नये. दमट हवा थंड जमिनीला लागली की ती अशी घामेजते.

काही घरांत अजून शिंपल्यांच्या खिडक्या आहेत. काच महाग आणि दुर्मीळ होती त्या काळी चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे चौकोनी तुकडे कापून ते लाकडी पट्ट्यांच्या खाचांत बसवत. त्यांतून दुधासारखा मंद उजेड आत येतो, मात्र बाहेरचे काही दिसत नाही. अशी खिडकी हाताच्या तळव्याने ढकलू नये, लाकडी चौकट धरून उघडावी. एक शिंपला तुटला तर तो बदलून देणारा कारागीर शोधणे यजमानाला फार जड जाते. शिसवी पलंग आणि वेताची खुर्ची यांचेही तसेच. पलंग उंच असतात, आणि लहान मूल बरोबर असेल तर खाली गादी घालून मागावी.

जाड भिंतींतून मोबाईलचे जाळे नीट पोहोचत नाही आणि वायफाय एका खोलीत मिळते तर दुसऱ्या खोलीत मिळत नाही. घरून काम करण्याच्या उद्देशाने जाणाऱ्याने हे आधी विचारून घ्यावे. रात्री कौलांवर धावाधाव ऐकू आली तर ते उदमांजर किंवा साधे मांजर असते. घाबरण्याचे कारण नाही, आणि त्यासाठी यजमानाला उठवू नये.

ख्रिस्ती घरात दिवाणखान्याच्या कडेला किंवा स्वतंत्र खोलीत ओरातोर, म्हणजे कोरीव लाकडाचे घरगुती प्रार्थनास्थान असते. हिंदू घरात देवघर असते. दोन्हींची छायाचित्रे विचारल्याशिवाय घेऊ नयेत. हीच गोष्ट शेजाऱ्यांच्या घरांची. फोंताइन्हासमध्ये लोक राहतात, आणि लग्नापूर्वीच्या छायाचित्रणाला कंटाळून अनेकांनी दाराशी मनाईच्या पाट्या लावल्या आहेत. आपण त्याच गल्लीत मुक्कामाला असलो तर सकाळी साडेसहाला, रस्ता रिकामा असताना फिरून यावे. सेंट सेबास्तियनच्या कपेलापर्यंत, म्हणजे छोट्या प्रार्थनामंदिरापर्यंत, जाऊन मळा या शेजारच्या वस्तीच्या बाजूने परतायला अर्धा-पाऊण तास पुरतो. त्या कपेलातील क्रूस एके काळी जुन्या गोव्यातील इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, वाड्यात होता, आणि त्यावरील ख्रिस्ताचे डोळे मिटलेले नसून उघडे आहेत.

दुपारी एक ते चार या वेळात घरात सामसूम असते. दुकानेही बंद असतात. या वेळेत घंटा वाजवून चहा मागणे असभ्यपणाचे मानले जाते. बाहेरचे लोक याला ‘सुशेगाद’ असे नाव देऊन आळशीपणा ठरवतात, परंतु पहाटे पाचला उठून बाजार आणणाऱ्या यजमानबाईंनी दुपारी दोन तास पाठ टेकली तर त्यात आळस कसला? आपल्यालाही त्या वेळी खिडक्या मिटून पडून राहण्याखेरीज काही करण्यासारखे नसते, हे एका दिवसात कळते.

भाषेचा प्रश्न पडत नाही. गोव्यात मराठी बहुतेकांना समजते, आणि यजमान कोंकणीत उत्तर देत असेल तर तेही आपल्याला समजते. वडीलधाऱ्या पुरुषाच्या नावापुढे ‘बाब’ आणि स्त्रीच्या नावापुढे ‘बाय’ लावले तर ते त्यांना आपुलकीचे वाटते. निरोप घेताना ‘देव बरें करूं’ म्हणावे, कारण कोंकणीत आभार याच शब्दांनी मानतात.

जेवणखाण

नाश्ता घरी मिळणार असेल तर आदल्या रात्री सांगून ठेवावे, कारण पाव पोदेराकडून मोजून घेतला जातो. पोयी ही कोंड्याच्या पिठाची, आतून पोकळ असते आणि पातळ भाजीबरोबर ती उत्तम लागते. उंडो गोल आणि कडक कवचाचा असतो, तर कातरो मऊ असतो. पोदेर संध्याकाळीही येतो. दुपारची पोयी रात्री चिवट होते, म्हणून संध्याकाळचा भोंगा ऐकून खाली उतरणे श्रेयस्कर.

जेवणाची सोय सर्वच घरांत नसते. जेथे असते तेथे सांगितल्यावर पाच-सहा तासांनी मिळते आणि त्या दिवशी बाजारात जे मिळाले तेच मिळते. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचे हुमण, एखादी सुकी भाजी आणि सोलकढी एवढे मिळाले तर आणखी काही मागू नये. शाकाहारी पाहुण्याने फोनवरच तसे सांगावे. खतखते, मुगागाठी आणि अळसांद्याचे तोंडाक हे पदार्थ हिंदू घरांत सहज होतात, पण मूग आणि अळसांदे आदल्या रात्री भिजवावे लागतात. सोमवारी आणि श्रावणात अनेक हिंदू घरांत मासळी शिजत नाही. तेथे मासळीचा आग्रह धरू नये, आणि बाहेरून बांधूनही आणू नये.

अग्रशाळेत उतरायचे असेल तर

फोंडा तालुक्यात एवढी देवस्थाने एकवटण्याचे कारण इतिहासात आहे. सोळाव्या शतकात सासष्टी, बार्देश आणि तिसवाडीतील देवळांवर संकट आले तेव्हा भक्तांनी देव नदीपलीकडे, पोर्तुगिजांच्या हद्दीबाहेर नेले. मंगेश १५६० मध्ये कुशस्थळीहून म्हणजे आजच्या कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली आणि म्हाळसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. फोंडा १७६३ मध्ये पोर्तुगिजांकडे गेला, तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता, त्यामुळे ही देवळे टिकली. कवळ्याचे आजचे देऊळ छत्रपती शाहूंच्या काळात, १७३८ मध्ये उभे राहिले. दूरदूरचे कुळावी दर्शनाला येत, त्यांच्या मुक्कामासाठी देवळाच्या प्राकारात किंवा लगत ज्या ओवऱ्या आणि खोल्या बांधल्या गेल्या, त्या अग्रशाळा.

येथे आरक्षण देवस्थानच्या कार्यालयात होते. महाजन, म्हणजे देवस्थानाच्या मूळ कुटुंबांतील लोक, आणि कुळावी, म्हणजे ज्यांचे ते कुलदैवत आहे असे लोक, यांना आधी खोल्या मिळतात, आणि ते योग्यच आहे. आपण यांपैकी असलो तर तसे सांगावे, नसलो तर जत्रेचे दिवस टाळून विचारावे. मंगेशीची आणि कवळ्याची जत्रा माघात असते, त्या काळात बाहेरच्यांना जागा मिळण्याची आशा धरू नये. खोली साधी असते. मद्य आणि मांसाहार येथे वर्ज्य आहे आणि पोशाख अंगभर असावा लागतो. रात्री देवळाचे दार बंद झाल्यावर ये-जा करण्याची अपेक्षा ठेवू नये.

ज्याला गाद्यागिरद्यांची आणि बाथटबची अपेक्षा आहे त्याने येथे येऊच नये. परंतु मंगेशीला सोमवारी संध्याकाळी आरतीआधी पालखी निघते, बाहेरगावचे पर्यटक तोवर बसमधून परतलेले असतात आणि सात मजल्यांच्या दीपस्तंभाखाली केवळ गावकरी आणि अग्रशाळेत उतरलेली माणसे उरतात. हे पाहायला मुक्कामच करावा लागतो.

निघताना

बिल आदल्या रात्री मागून घ्यावे, कारण सकाळी यजमान बाजारात गेलेला असू शकतो. मोबाईलचे जाळे नसल्याने पैसे पाठवणे अडते, म्हणून थोडी रोख रक्कम जवळ असावी. काही गैरसोय झाली असेल तर ती प्रथम यजमानाला सांगावी. नळ गळतो हे त्याला कळले तर तो दुसऱ्या दिवशी दुरुस्त होतो, आणि इंटरनेटवर लिहिले तर तो नळ गळतच राहतो.

आणि किल्ली परत करावी. जुन्या दारांना अजून वीतभर लांबीच्या लोखंडी किल्ल्या असतात, त्या खिशात मावत नाहीत म्हणून बॅगेत टाकल्या जातात आणि तेथेच राहतात. अशा कुलपाची दुसरी किल्ली बहुधा नसते. एकदा मी गोव्याच्या सीमेपलीकडे बांद्यापर्यंत गेल्यावर बॅगेत हात घातला तेव्हा ती हाताला लागली, आणि पत्रादेवीचा नाका ओलांडून पुन्हा पणजीला यावे लागले. माझ्यानंतरचे पाहुणे तोवर पडवीत सामानावर बसून होते.